लाडवांसाठी केलेली चक्की

मूल होणार असं बायकोनं सांगितलं, तेव्हा मी सगळ्यात आधी फळीवरचे डबे खाली काढले. पितळेचे दोन, पत्र्याचे पाच. एवढ्यानं भागणार नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पत्रा आणून मी आणखी चार डबे वळले आणि त्यांची झाकणं अशी घट्ट बसवली की उघडायला माणूस लागावा.

बायको म्हणाली, "अहो, अजून सात महिने आहेत."

"असू देत. डबे काही नासत नाहीत."

तिला हसू आलं. मला मात्र त्या दिवसापासून धड झोप लागेना. आनंदानंच लागेना. कारखान्यात काम करताना मी मनातल्या मनात डबे भरत असे. एकात डिंकाचे लाडू, एकात अळिवाचे, एकात मेतकूट, एकात भाजणी, एकात सुंठ आणि बाळंतशोपा. बाळंतिणीचा सव्वा महिना निघेल एवढं सगळं आधीच करून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. आमच्या घरात दुसरी बाई नव्हती. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मी खानावळीत वाढलो. स्वयंपाक करायला माणूस नसलेल्या घरात जेवायची वेळ झाली की काय होतं, ते मला कोणी सांगायला नको होतं.

हे मध्यभारताच्या दिवसांतलं सांगतो आहे. संस्थान जाऊन नवं राज्य झालं होतं, आणि सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं. माझा कारखाना इंदूरच्या पोलोग्राउंडला होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, लोखंड कातायचं एक जुनं मशीन, एक हातप्रेस आणि माझ्याहून वयानं मोठा असलेला एक मिस्त्री. लोखंड कातायच्या मशीनला आमच्याकडे खराद म्हणतात आणि ते चालवणाऱ्याला खरादी. मी खरादी होतो. त्यात लाज वाटावी असं काही नव्हतं. ते मशीन मी एका गिरणीच्या भंगारातून भांडून भांडून मिळवलं होतं आणि स्वतःच्या हातानं उभं केलं होतं.

पण ही गोष्ट माझ्या बायकोच्या काकांना पटणं शक्य नव्हतं.

बायकोचे वडील ती लहान असतानाच वारले. ती आणि तिची आई राजवाड्यामागच्या बोळात काकांच्या घरी राहत. काकांच्या तीन पिढ्या दरबारच्या नोकरीत गेलेल्या. दरबार गेला तरी त्यांचं बोलणं दरबारचंच राहिलं. आमची सोयरीक जमत होती, तेव्हा बैठकीत पंधरा माणसं बसली होती. मी हुंडा मागितला नव्हता, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती. तेव्हा काकासाहेबांनी सुपारी तोंडात टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मुलगा मेहनती आहे, ठीक आहे. पण खराद्याच्या घरी आमची मुलगी खाणार काय? लोखंडाचा भुगा?"

सगळे हसले. माझ्या बाजूनं आलेले दोघेही हसले. मी गप्प बसलो, कारण मला मुलगी पसंत होती. पण ते वाक्य मी गिळलं नाही. चार वर्षं ते माझ्या घशात अडकून होतं, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण खाली उतरलेलं नाही.

सातव्या महिन्यात त्यांच्याकडून निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा मुलीला पाठवून द्यावं. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला त्या घरात नाही जायचं. तिथं आई सगळ्यांच्या मागून जेवते. मी गेले तर माझं करून राहील आणि त्यांचंही करून राहील, मरेल ती. मला फक्त आई हवी, इथं."

मी तसा उलट निरोप पाठवला. काकासाहेबांचं उत्तर आलं, "आमच्या घरची बाई भाड्याच्या दोन खोल्यांत बाळंतपण करायला जाणार नाही. मुलगी इकडे पाठवा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

मी म्हटलं, बघतो. आणखी जे काही म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. निरोप आणणारा माणूस जिन्यावरून उतरताना दोन पायऱ्या चुकला.

तिसऱ्या दिवशी बायको माझ्या ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "भांडण तुमचं दोघांचं. बाळंत मी होणार."

मी डब्यांच्या कामाला आणखी जोरानं लागलो. मला वाटलं, असं काही करून दाखवू की तिला आईची आठवण यायला नको आणि त्यांना माझ्याकडे बोट दाखवायला नको.

संक्रांत झाली आणि मी सियागंजात डिंक घ्यायला गेलो. सरकार ग्वाल्हेरला होतं, त्यामुळे बाजारात गर्दी नव्हती. भाव करायला असे दिवस फार चांगले. खिशात मी एका डबीत थोडं तूप आणि एक लोखंडी पळी घेऊन गेलो होतो. शेटनं पोत्यात हात घातला आणि डिंकाचे खडे माझ्यापुढे धरले.

"देखो भिया, मोती है मोती."

"मोती नहीं चाहिए. फूलता है क्या?"

"घर जाके देख लेना."

"घर जाके नहीं, यहीं."

शेजारी चहावाल्याची भट्टी होती. मी पळीत तूप घातलं, भट्टीवर धरलं आणि पाच खडे टाकले. दोन फुलले, तीन आतून काचेसारखे राहिले. असा डिंक बाळंतिणीच्या दाताला चिकटतो. मी पळी शेटच्या नाकापुढे नेली. त्यानं दुसरं पोतं उघडलं. त्याचीही तीच गत. तिसऱ्या पोत्यातले खडे मात्र तुपात पडताच लाह्यांसारखे पांढरे फुलले. तोवर दुकानापुढे आठदहा माणसं जमली होती आणि चहावाला प्रत्येक खडा फुलला की मान डोलवत होता. मी म्हटलं, आता भाव बोलू.

अर्धा तास आम्ही बोललो. दोनदा मी उठून चालू लागलो, दोनदा त्यानं हाक मारून बसवलं. शेवटी माझ्या आकड्यावर आला आणि कपाळाचा घाम पुसून म्हणाला, "तीस साल से गद्दी पे बैठा हूँ, भिया. तलवाके गोंद लेने वाला आज पहली बार देखा. घर में कौन है?"

"पहला बच्चा होने वाला है."

त्यानं पोत्यात हात घातला आणि मूठभर डिंक वरून टाकला. मला राग आला. इतकी मेहनत करून मी त्याला खाली आणला होता, आणि त्यानं एका मुठीत माझी जीत फुकट घालवली. पण डिंक मी परत केला नाही.

तूप सांवेरहून आलं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मोटेच्या चाकाचा कणा मी दुरुस्त करून दिला होता. त्यानं घरच्या म्हशीच्या तुपाची चरवी आणून दिली. गूळ, खोबरं, खसखस, बदाम, जायफळ सगळं जमलं. राहिली खारीक. खारीक ही काय चीज आहे, हे ज्यानं कुटली आहे त्यालाच माहीत. आधी फोडून बी काढायची, मग तुकडे उन्हात वाळवायचे, मग खलबत्त्यात कुटून पूड करायची. वाळलेली खारीक दगडाच्या जातीची असते. बायकोला आठवा महिना सरत आलेला, तिच्या हातून हे होणं नव्हतं. शेजारणी दोन दिवस मदत करतील, पण आमच्याकडे करायची होती पंधरा दिवसांची कुटाई.

मी मिस्त्रीला म्हटलं, "आपण चक्की करू."

मिस्त्री म्हणाला, "खारक के लिए चक्की? भिया, आप भी ना."

पण त्याचेही डोळे चमकले. दोघांनी चार दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. बिडाच्या दोन तबकड्या ओतून आणल्या, मी त्या स्वतः खरादावर कातल्या, त्यांना दाते पाडले. मधे दांडा, वर खारीक घालायला नरसाळं, बाजूला फिरवायचा हात. इतकी सुंदर वस्तू मी त्याआधी केली नव्हती आणि नंतरही फार केल्या नाहीत. हात फिरवला की आवाज असा गोड यायचा की मिस्त्री नुसताच फिरवत बसायचा.

बाळंतिणीच्या तोंडात जायचं म्हणून मी चक्की धुण्यात कसूर केली नाही. प्रत्येक भाग वेगळा केला, घासलेटात बुडवला, ब्रशनं दातान्‌दाता घासला, चिंध्यांनी पुसला, परत बुडवला. असं तीनदा. आमच्या धंद्यात स्वच्छ म्हणजे घासलेटानं धुतलेलं. पाण्यानं धुतलं तर लोखंड गंजतं. तिसऱ्यांदा धुतल्यावर मी पांढरं फडकं फिरवून मिस्त्रीला दाखवलं. फडक्यावर डाग नव्हता.

खारीक एका दुपारी दळून झाली. खोबरं आणि बदामही त्यातच काढले.

रविवारी सकाळी आम्ही लाडू करायला बसलो. बायको भिंतीला टेकून पाटावर बसून सांगत होती आणि मी करत होतो. मिस्त्रीलाही बोलावलं होतं.

"तूप अजून तापू द्या. डिंक थोडा थोडा टाका, एकदम नाही. अहो, एकदम नाही म्हटलं ना."

"टाकतोय ना थोडाच."

"ती कढई आहे, भट्टी नाही तुमची. हलवा जरा."

गुळाचा पाक पहिल्यांदा बिघडला. मी गुळावर ओरडलो. बायको म्हणाली, "ओरडा अजून, घाबरून नीट होईल तो." दुसऱ्यांदा पाक जमला. तळहात भाजत असताना आम्ही लाडू वळायला घेतले. मिस्त्रीनं तीन लाडू वळले आणि सदऱ्याच्या खिशातून कॅलिपर काढून मापले. मग त्याचे सगळे लाडू एका मापाचे झाले, माझे मात्र काही मोठे, काही लहान. त्यानं दोन्ही ताटं शेजारी ठेवली आणि बायकोकडे नुसतं बघितलं. ती पोट धरून हसली.

पहिला लाडू तिनं देवापुढे ठेवला. देवानं तक्रार केली नाही. मग मी एक खाल्ला, मिस्त्रीनं दोन खाल्ले, बायकोनं अर्धा खाल्ला. तिघांनाही फार आवडला. मी त्याच क्षणी एक डबा भरला आणि टोपी चढवली.

"कुठं निघालात?"

"राजवाड्याकडे. काकासाहेबांना दाखवतो खराद्याच्या घरी काय खातात ते."

"आधी शेजारी कोणाला तरी देऊन बघू या ना."

"तुला कसा लागला?"

"चांगला लागला."

"मग झालं."

काकासाहेब आरामखुर्चीत बसले होते. मी डबा पुढे ठेवला आणि झाकण उघडून दिलं, कारण ते त्यांच्यानं उघडलं नसतं. त्यांनी लाडू घेतला, एक घास तोडला, चावला आणि थांबले. लाडवाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू उरलेला लाडू संपवला आणि शेजारचा तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले.

"टिकतील," ते म्हणाले. "वर्षभर टिकतील. मुंगीसुद्धा लागायची नाही."

मी म्हटलं, "तूप सांवेरचं आहे."

"तूप असेलच." त्यांनी आत हाक मारली, "वहिनी, जावईबापूंनी स्वतः लाडू केलेत. तुम्हीही घ्या एक."

सासूबाई दाराआडून आल्या, एक लाडू पदराखाली घेऊन आत गेल्या. चार वर्षांत त्या माझ्याशी चार वाक्यं बोलल्या असतील. मी उठलो आणि जे बोलायला आलो होतो ते बोललो, "आता कळलं ना काकासाहेब, खराद्याच्या घरी काय खातात?"

"हो," ते म्हणाले. "आज नीट कळलं."

मी घरी चालत आलो की उडत आलो, मला माहीत नाही. वाटेत बायकोसाठी शेवंतीची वेणी घेतली आणि भावही केला नाही. तिला सगळं दोनदा सांगितलं. तिनं विचारलं, "आई काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही, लाडू घेऊन आत गेल्या." तिनं वेणी माळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास खाली तांगा थांबला. सासूबाई उतरल्या. हातात लहान ट्रंक, तांग्यात लोखंडी खलबत्ता. मी धावत खाली गेलो, खलबत्ता उचलून वर आणला. बायको दारात उभी होती. सासूबाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि तशाच आत जाऊन विचारलं, "ते लाडू कुठं ठेवलेत?"

मी अभिमानानं चारही डबे पुढे मांडले. त्यांनी एकाचं झाकण माझ्याकडून उघडून घेतलं, वाकून वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"जावईबापू, हे खायचे आहेत की कंदिलात घालायचे?"

मला काही कळेना.

"घासलेटाचा वास मारतोय. एका लाडवावर रात्रभर दिवा जळेल."

मी लाडू नाकाशी धरला. मला तुपाचा वास आला, जायफळाचा आला. घासलेटाचा काही आला नाही. वीस वर्षं मी घासलेटात हात घालून काम करत होतो. माझ्या नाकाला तो वासच राहिलेला नव्हता. मी बायकोकडे वळलो, "तू अर्धा खाल्लास ना? तुला नाही आला?"

"आला," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचाच आहे."

चार वर्षं ती माझे कपडे धूत होती. त्या घरात एकही नाक शाबूत उरलं नव्हतं. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या हसायला लागल्या. बायकोही हसायला लागली. मला हसू येणं शक्य नव्हतं. माझ्या डोक्यात काकासाहेबांचं एकेक वाक्य परत वाजत होतं. टिकतील. मुंगी लागायची नाही. आज नीट कळलं. मी खुंटीवरची टोपी ओढली.

"कुठं निघालात?"

"त्यांच्याकडे. तोंडावर सांगायला काय झालं होतं? सगळ्या बोळाला सांगितलं असेल आता."

"सांगितलंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळपासून हसताहेत. येईल त्याला डबा दाखवताहेत. पण तुम्ही बसा आधी. ते रागात असते तर मला दार उघडून दिलं असतं का? हसत होते, तेवढ्यात मी म्हटलं, माझी मुलगी हे खाईल, मी जाते. ते म्हणाले, जा, पण तांगा मिळणार नाही. मी ट्रंक उचलली. राजवाड्यापुढे येऊन तांगा मीच बोलावला. त्या घरात आले तेव्हापासून पहिल्यांदा."

बायकोनं आईचा हात धरला आणि सोडलाच नाही. मी टोपी हातात घेऊन उभा होतो. मला बोलायचं खूप होतं. दोन महिने निरोपांवर निरोप पाठवून, ओरडून, अडून जे मला मिळवता आलं नव्हतं, ते त्या चार डबे लाडवांनी मिळवून दिलं होतं. सौदा म्हणून बघितलं तर वाईट नव्हता. पण त्यात माझी जी शोभा झाली ती झालीच. पुढे दहा वर्षं त्यांच्याकडच्या कुठल्याही लग्नात मी पंगतीला बसलो की कोणीतरी वाढप्याला सांगायचं, यांना जरा घासलेट वाढा. मी ते विसरलेलो नाही. कोणी कोणी म्हटलं, त्यांची नावं मला पाठ आहेत.

"भांडायला उद्या जा," सासूबाई म्हणाल्या. "आज खारीक फोडायची आहे. आणि आधी शिकेकाई लावून आंघोळ करा. हातांना दोनदा."

मी आंघोळ केली. हातांना तीनदा शिकेकाई लावली.

जुने लाडू टाकायचे म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. इतकं तूप, इतका निवडून आणलेला डिंक. मिस्त्री म्हणाला, "फेंकना मत, भिया. मेरेको तो खुशबू आती है." त्यानं डबे कारखान्यात नेले आणि फाल्गुन संपेपर्यंत चहाबरोबर रोज एक लाडू खाल्ला. त्याला काही झालं नाही. उलट त्या हिवाळ्यात तो एकदाही खोकला नाही.

घरात मात्र नव्यानं सगळं सुरू झालं. मी पुन्हा सियागंजात गेलो. शेटनं मला पाहिल्यावर न विचारता भट्टीवर पळी ठेवायला सांगितली. सासूबाई खलबत्ता पुढ्यात घेऊन बसल्या आणि मी कुटायला. त्या फोडून द्यायच्या, मी कुटायचो, बायको चाळणीनं चाळायची. कारखान्यातून दुपारी परत आलो की शिकेकाई, मग खारीक. लोखंडावर घण मारणं सोपं. खारीक उडते, बोटावर बत्ता बसतो, आणि दोन तासांनी पूड बघावी तर वाटीभर. पण मला त्या दिवसांत कंटाळा म्हणून आला नाही. दोघी मायलेकी बोलायच्या आणि मी ऐकायचो. बायकोला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी ती किती हट्टी होती, कोणाच्या झाडाच्या चिंचा पाडायची, वडिलांच्या हाताला तंबाखूचा कसा वास यायचा, असं काहीबाही. मधेच सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, हात का थांबला?"

एकदा मी चक्कीचा विषय काढला. म्हटलं, गरम पाण्यानं, साबणानं, राखेनं धुऊन काढू. त्या म्हणाल्या, "तुमची चक्की चांगली आहे. तिला मसाल्याला ठेवा, पुढच्या वर्षी. बाळंतीण उठली की बघू." चांगली आहे, एवढं म्हणाल्या. मी त्या दिवशी खारीक दुप्पट कुटली.

दहा दिवसांत तीन डबे भरले. अळीव निवडून ठेवले, मेतकुटाच्या डाळी भाजून झाल्या. अकराव्या दिवशी सकाळी सासूबाई डिंकाचा शेवटचा घाणा तळत होत्या. बायको दाराशी उभी होती, तिनं चौकट धरली आणि म्हणाली, "आई." सासूबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, कढई उतरवली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि मला म्हणाल्या, "दाईला आणा. धावत नको, पडाल."

मी धावतच गेलो. दाई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिला आणलं, पाणी तापवलं, आणखी पाणी तापवलं, कोणी मागितलं नव्हतं तेही तापवलं. मग मला बाहेर काढलं. मी जिन्यावर बसलो. आतून बायकोचा आवाज आला की उठायचो, आणि त्या आवाजामागून तिच्या आईचा शांत, सारखा, एकाच सुरातला आवाज आला की परत बसायचो. मला तेव्हा मनापासून वाटलं, हा आवाज आज इथं नसता तर मी त्या डब्यांचं काय करणार होतो.

ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं आणि आत रडणं ऐकू आलं. इतकं खणखणीत रडणं की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. दार किलकिलं झालं. सासूबाई म्हणाल्या, "मुलगी आहे. आवाज तुमचा घेतलाय."

मी काय केलं मला आठवत नाही. खालचे लोक सांगतात की मी जिना चार वेळा उतरलो आणि चढलो, आणि प्रत्येकाला तीच बातमी दिली. एकाला तर दोनदा.

पहिले काही दिवस सासूबाई तिला मऊ भात, मेतकूट, तूप आणि अळिवाची खीर देत होत्या. मग लाडू सुरू झाले. सुवेर असल्यानं मला खोलीत जायची परवानगी नव्हती. पडद्याबाहेर उभा राहून मी विचारायचो, "लाडू बरा आहे ना?" आतून बायको म्हणायची, "चांगला आहे. पण घासलेट कमी पडलंय." मग दोघी हसायच्या.

बाराव्या दिवशी बारसं झालं. तेराव्या दिवशी सकाळी खाली पुन्हा तांगा थांबला. काकासाहेबांचा माणूस वर आला. मागच्या वेळी पायऱ्या चुकलेला, तोच. तो दारापासून दोन हात लांब उभा राहून म्हणाला, "काकासाहेबांनी सांगितलंय, बारसं झालं, आता वहिनीसाहेबांनी यावं. घरात अडचण होते आहे. तांगा पाठवलाय."

पडदा बाजूला होता. सासूबाई दोन्ही पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर मुलगी पालथी पडली होती. त्या तिला तेल लावत होत्या. हात थांबले. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. बायकोकडे बघितलं. बायको गादीवर उठून बसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती काहीच मागणार नाही, आणि आई गेली तर रडणारही नाही.

माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं. काकासाहेबांसाठी जमवलेली चार वर्षांची वाक्यं होती, आणि समोर ती ऐकून पोचवायला माणूसही होता. मी दारात जाऊन उभा राहिलो. त्या माणसानं जिन्याचा कठडा धरला.

"आईंचे हात तेलाचे आहेत," मी म्हटलं. "सव्वा महिना झाला की या."

तो थोडा वेळ थांबला, आणखी काही येतंय का बघायला. मग उतरून गेला. तांगा वळल्याचा आवाज आला. सासूबाईंनी वाटीतलं तेल बोटांवर घेतलं आणि मुलीच्या पाठीवर परत हात फिरवायला सुरुवात केली.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "वारं लागतंय तिला."

मी दार लावून घेतलं.